एका किलोमीटरला पंधरा मिनिटं

‘माझे गाव’ हा निबंध शाळेत आपण सगळ्यांनीच लिहिलेला असतो. लिहिणारं मूल गडचिरोलीतल्या धानोऱ्याचं असो, गुहागरचं असो की पन्हाळ्याचं, पहिलं वाक्य बहुधा तेच: माझे गाव निसर्गाच्या कुशीत वसलेले आहे. मग नदी झुळझुळ वाहते, पक्षी किलबिल करतात आणि लोक गुण्यागोविंदाने राहतात.

शाळा सुटल्यावर याच मुलाचं बोलणं ऐका. बोडीच्या पाळीवरच्या कुठल्या झाडाखाली मुंगसाचं बीळ आहे, नाला कुठे गुडघाभर आणि कुठे कमरेएवढा, कुणाच्या धुऱ्यावरून गेलं की कुत्रा अंगावर येतो, हे सगळं तो मित्राला न अडखळता सांगतो. गाव त्याला तोंडपाठ आहे. मग ते कागदावर का उतरत नाही?

मोठ्यांचीही हीच अडचण. गडचिरोलीहून धानोऱ्याला रोज मोटारसायकलनं येणाऱ्या माणसाला वाटेतल्या जंगलावर दहा ओळी लिहायला सांगितल्या, तर ‘रस्त्याच्या दुतर्फा घनदाट जंगल आहे’ याच्यापुढे पेन सरकत नाही. एखाद्या दिवशी गाडी बंद पडली आणि तोच माणूस दोन किलोमीटर ढकलत, चालत आला, तर संध्याकाळी घरी तासभर सांगत बसतो. रस्ता तोच, माणूस तोच. फरक फक्त पायांचा. चालण्यानं डोक्यात आणि डोळ्यांत नेमकं काय होतं, की अडलेलं वाक्य सुटतं? एकेक पायरी घेऊन पाहू.

जात्याचा ठेका आणि मोकळं मन

पहिली पायरी आपल्या आज्या-पणज्यांना ठाऊक होती. पहाटे जात्यावर बसलं की ओवी सुचायची. दळणाचा ठेका एकदा हाताला लागला, की हात आपोआप फिरायचा आणि मन माहेरी, लेकीकडे, शेतात जाऊन यायचं. आपल्या झाडीपट्टीत, म्हणजे पूर्व विदर्भाच्या या धानाच्या मुलखात, रोवण्याच्या वेळी चिखलात वाकून पऱ्हे लावणाऱ्या बायांच्या तोंडी गाणी येतात, त्याचंही कारण तेच. शरीराला एकसारखं, सवयीचं काम मिळालं की मनाची दावण सुटते.

चालणं हे तसंच काम आहे. मेंदूनं ‘चल’ म्हटलं की पावलांचा पुढचा ठेका बराचसा मज्जारज्जूतली मज्जापेशींची जाळी सांभाळते. डावा पाय, उजवा पाय असं मोजावं लागत नाही. अंग कामात असतं, पण लक्ष उरलेलं असतं. हे उरलेलं लक्ष जुन्या आठवणींना समोरच्या गोष्टी चिकटवत बसतं. कुणी सांगितलं नसताना उपमा सुचते ती इथे.

त्यातून एक व्यवहाराची गोष्ट निघते. वाट अगदी नवी किंवा खडबडीत असेल, तर सगळं लक्ष पायाखाली जातं आणि मन मोकळं होत नाही. लिहिण्यासाठी चालायचं तर वाट ओळखीची हवी: रोजची पांदण, शाळेची वाट, तलावाची पाळ.

हे मोजून पाहिलं तेव्हा

दुसरी पायरी मोजणीची. ‘चालताना सुचतं’ ही नुसती लेखकांची समजूत आहे की खरंच तसं होतं, हे अमेरिकेतल्या स्टॅनफर्ड विद्यापीठात मरीली ओपेझो आणि डॅनियल श्वार्ट्झ या दोन संशोधकांनी तपासलं. त्यांचा अभ्यास 2014 मध्ये प्रसिद्ध झाला. लोकांना रोजच्या वापरातली एखादी वस्तू सांगायची आणि तिचे जितके आगळे उपयोग सुचतील तितके विचारायचे. एकदा बसलेलं असताना, एकदा चालताना. चालताना सुचलेल्या नव्या कल्पना सरासरीनं सुमारे 60 टक्क्यांनी वाढल्या. चालून परत येऊन बसल्यावरही हा परिणाम काही वेळ टिकला.

कोऱ्या भिंतीकडे तोंड करून, चालण्याच्या यंत्राच्या पट्ट्यावर चालणाऱ्यांनाही जास्त सुचलं. म्हणजे सुंदर देखावा समोर नसला, तरी पावलांचा स्वतःचा वाटा असतोच. पण याच अभ्यासात उपमांचाही एक प्रयोग होता. एखादी स्थिती सांगायची आणि तिच्यासारखी, पण अगदी वेगळ्या क्षेत्रातली दुसरी स्थिती शोधायला लावायची. बाहेर मोकळ्यावर चाललेल्या प्रत्येकाला निदान एक तरी नवी आणि चांगली उपमा सुचली. आत खुर्चीवर बसलेल्यांपैकी निम्म्यांनाच तसं जमलं. पाऊल आणि मोकळं आभाळ एकत्र आलं की उपमा सगळ्यांत सहज येते, आणि जागेबद्दल लिहिणाऱ्याला हीच तर हवी असते.

याच अभ्यासाची दुसरी बाजूही विसरू नये. ज्या प्रश्नाला एकच नेमकं उत्तर असतं, तो सोडवायला चालण्याची मदत झाली नाही; कामगिरी थोडी उतरलीच. अनेक शब्दांतून नेमका एक निवडणं, वाक्य घासणं, फालतू ओळ काढून टाकणं ही कामं याच जातीची. ती बसूनच होतात. जपानी कवी बाशो 1689 मध्ये उत्तरेकडच्या वाटांवर निघाला आणि पाचेक महिन्यांत सुमारे 2,400 किलोमीटर फिरला. त्या प्रवासाचं छोटंसं पुस्तक मात्र तो पुढे काही वर्षं घडवत राहिला. ते छापून आलं 1702 मध्ये, त्याच्या मृत्यूनंतर. गोळा करायला पाय, निवडायला बैठक, असा हा वाटा आहे.

डोक्यातली जागल

आता तिसरी पायरी. चालून आल्यावर सगळं क्रमानं का आठवतं?

धान पिकायला आलं की रात्री राखणीला माणूस बसतो. प्रत्येकाची बांधी वेगळी, प्रत्येकाची माच वेगळी. अंधारात तुम्ही धुऱ्यावरून चाललात, की ज्याच्या बांधीजवळ पोचाल तो हाक देतो: “कोण हाय जी?” पुढे गेलात की हा गप्प होतो आणि पुढचा हाक देतो. हाका ऐकूनच तुम्ही कुठे आहात ते कळतं.

आपल्या मेंदूत अशीच जागल बसलेली आहे. मेंदूत खोलवर, दोन्ही बाजूंना, हिप्पोकॅम्पस नावाचा लहानसा भाग असतो. लंडनमध्ये जॉन ओकीफ यांना 1971 मध्ये उंदरांच्या या भागात अशा पेशी सापडल्या, ज्या उंदीर ठरावीक जागी पोचला की जाग्या होतात. एका कोपऱ्यात एक पेशी हाक देते, दुसऱ्या कोपऱ्यात दुसरी. त्यांना ‘स्थान-पेशी’ म्हणता येईल. पुढे 2005 मध्ये नॉर्वेतल्या मे-ब्रिट आणि एडवर्ड मोझर यांना शेजारच्या भागात आणखी एका प्रकारच्या पेशी सापडल्या. त्या जमिनीवर जणू षटकोनी जाळी आखून अंतराचा हिशेब ठेवतात. या शोधांसाठी तिघांना 2014 चं नोबेल पारितोषिक मिळालं.

जागा ओळखणारा हा हिप्पोकॅम्पस आठवणी बांधण्याचंही काम करतो. या भागाला दोन्ही बाजूंनी इजा झालेल्या माणसाला नव्या घटना लक्षात ठेवता येत नाहीत. जागेची नोंद आणि घटनेची नोंद एकाच घरात होत असल्यानं दोन्हींची गाठ पडते. वळणावर भेटलेली म्हातारी वळणासकट आठवते, नाल्यावर सुचलेलं वाक्य नाल्यासकट. उंदीर स्वतःच्या पायांनी चालला नाही, त्याला नुसतंच वाहून नेलं, तर त्याच्या स्थान-पेशींची नोंद ढोबळ होते, असंही प्रयोगांत दिसलं आहे. मोटारसायकलवरच्या माणसाची अडचण इथे थोडी उलगडते.

लिहिणाऱ्याला याचा मोठा उपयोग आहे. चालून आल्यावर लेखाचा आराखडा वेगळा करावा लागत नाही. वाट हाच आराखडा असतो. डोळे मिटून घराच्या दारापासून पुन्हा निघायचं. जिथे जागलकरी हाक देईल तिथे थांबायचं आणि त्यानं काय राखून ठेवलंय ते विचारायचं.

वेगाचा हिशेब

चौथी पायरी साध्या गणिताची. ताशी 50 किलोमीटर वेगानं गाडी गेली तर एक किलोमीटर 72 सेकंदांत संपतो. रमतगमत, ताशी चार किलोमीटरनं चाललं तर त्यालाच 15 मिनिटं लागतात. रस्त्याकडेचं दहा मीटर पसाऱ्याचं मोहाचं झाड गाडीतून पाऊण सेकंदही दिसत नाही. पायी त्याच्या सावलीतून जायला नऊ सेकंद लागतात. आणि गाडीत वास, गारवा, पानांचा आवाज हे सगळं वारा आणि इंजिन खाऊन टाकतं.

मार्चचा शेवट आहे असं समजा. धानोऱ्याच्या आसपासच्या कुठल्याही गावाबाहेर फटफटायच्या सुमारास तुम्ही चालत निघाला आहात. झाड दिसायच्या आधी त्याचा वास येतो: गोड, जड, किंचित आंबुस. जवळ गेल्यावर दिसतं, की बुंध्याभोवतीची जमीन काळी आहे. फूल पाचोळ्यात हरवू नये म्हणून खालचा पाचोळा जाळून जागा साफ केलेली असते. त्या काळ्या जमिनीवर फिकट पिवळसर फुलं पडलेली असतात, मण्यांसारखी गोल आणि मांसल. एक उचलून पाहा. बोटांना ओल लागते, दाबलं तर चिकट रस येतो. बुडाशी एक बारीक भोक असतं. मोहाचं फूल गळतं तेव्हा पाकळ्यांची कुपी तेवढी खाली येते, मधली दांडी झाडावरच राहते आणि तिच्या बुडाशी असलेल्या बीजकोशाचं पुढे फळ होतं. दांडी निसटलेली ती जागा म्हणजे हे भोक. शेजारी टोपली घेऊन वाकलेल्या बाया असतात. दोन फुलांच्या मध्ये त्यांचा हात थांबत नाही. अधूनमधून ‘टप्’ असा आवाज होतो आणि एक फूल पाठीवर पडतं. ऊन चढेल तसा हा पाऊस थांबतो. दुपारी अंगणात वाळत घातलेली हीच फुलं मनुकांसारखी तांबूस तपकिरी होतात.

यात कल्पनाशक्तीची कमाल काहीच नाही. नऊ सेकंद मिळाले, मग माणूस थांबला, मग वाकला, एवढंच. ‘घनदाट जंगल’ या दोन शब्दांच्या आत हे सगळं दडलेलं होतं.

नाव कळलं की दिसू लागतं

पाचवी पायरी मला सगळ्यांत महत्त्वाची वाटते. पाय जागेपाशी नेतात, पण जागेचे शब्द तिथल्या माणसांकडे असतात. चालणाऱ्याला ते मिळतात, कारण चालणाऱ्याला लोक हटकतात. “कुठं चालले जी?” हा प्रश्न गाडीवाल्याला कोण विचारणार?

शहरातून आलेल्याला सगळं मिळून ‘झाडी’ दिसते. बरोबर गावातलं माणूस असलं की त्याच झाडीतून ऐन, धावडा, बिजा, तेंदू, चार, कुसुम, बेहडा असे एकेक जण वेगळे होऊन उभे राहतात. ज्याला नाव आहे ते पुढच्या वेळी आपलं आपण दिसतं. तीच गोष्ट जमिनीची. बोडी म्हणजे शेताजवळचं लहान तळं, बांधी म्हणजे धानाचा बांध घातलेला तुकडा, धुरा म्हणजे दोन वावरांमधली हद्द, आखर म्हणजे गुरं जमण्याची गावाकडेची जागा, रिठ म्हणजे उठून गेलेलं गाव. एका शब्दात एकेक जुनी गोष्ट मिटून ठेवलेली असते. आणि धानोरा तालुक्यात तर मराठीच्या जोडीला गोंडीही बोलली जाते. एकाच झाडाला दोन भाषांतली दोन नावं, आणि प्रत्येक नावामागे झाडाशी वेगळं नातं.

मारुती चितमपल्ली (1932 ते 2025) यांचं लेखन या पायरीवर उभं आहे. सोलापुरात जन्मलेला हा माणूस वनखात्यात आला, नवेगावबांध, नागझिरा, मेळघाट इथल्या रानात वर्षानुवर्षं पायी फिरला. नवेगावचे माधवराव पाटील, वनमजूर, पारधी, गोंड, कोरकू यांच्याबरोबर चालताना कानावर पडलेला शब्द न् शब्द त्यांनी टिपून ठेवला. ‘रानवाटा’ या त्यांच्या पुस्तकाचं नावच पुरेसं बोलकं आहे. त्यांनी मराठीला पक्ष्यांची, झाडांची, रानातल्या खुणांची नावं दिली, ती नुसती शब्दकोश घेऊन बसून घडवलेली नव्हती. त्यांतली अनेक वाटेत भेटलेली होती.

धानोरा तालुक्यातच, चातगावजवळ शोधग्राम आहे. तिथे काम करणाऱ्या डॉ. राणी बंग यांनी ‘गोईण’ हे पुस्तक लिहिलं. गोईण म्हणजे मैत्रीण. गडचिरोलीतल्या बायांनी सांगितलेल्या झाडांच्या गोष्टी त्यात आहेत. कुठलं झाड बाळंतपणात कामी येतं, कुठलं कुणाच्या लग्नात हवं, हे ज्यांना रानात रोज जावं लागतं त्यांच्याकडूनच कळू शकतं.

मराठीची जुनी वाट

जागा पायी फिरून लिहायची, ही रीत मराठीला नवी नाही. महानुभाव पंथात ‘स्थानपोथी’ नावाचा जुना ग्रंथ आहे. पंथाचे प्रवर्तक चक्रधरस्वामी जिथे जिथे थांबले त्या जागांची त्यात नोंद आहे: देऊळ गावाच्या कुठल्या अंगाला, दार कोणत्या दिशेला, स्वामींचं आसन कुठे. भक्ताला पुढे त्याच जागी आपल्या पायांनी जाऊन उभं राहता यावं, यासाठी हे लिहिलं गेलं. एकेका ओसरीची एवढी काळजी घेणारं गद्य मराठीत इतक्या आधीपासून आहे.

इरावती कर्वे पंढरीच्या वारीत चालल्या आणि त्यातून त्यांचा ‘वाटचाल’ हा लेख झाला. वारीवर दूर बसूनही लिहिता आलं असतं. पण दिवसभर एकत्र चालणारी माणसं जेवायला जातीजातीनं वेगळी बसतात, ही बोच दिंडीबरोबर मुक्काम केल्याशिवाय तशी लागली नसती. चालण्यानं जागेची शोभा कळते, तशी तिच्यातली दुखरी गाठही कळते.

मेंढ्याची सीमा

धानोऱ्याहून तीनेक किलोमीटरवर मेंढा (लेखा) हे गोंडांचं छोटं गाव आहे. वनहक्क कायदा 2006 चा. 2009 मध्ये मेंढ्याला सुमारे 1,800 हेक्टर जंगलावर सामूहिक हक्क मिळाला, तेव्हा असा हक्क मिळवणाऱ्या देशातल्या पहिल्या गावांत ते होतं. मिलिंद बोकील यांनी ‘गोष्ट मेंढा गावाची’ या पुस्तकात या गावाची हकिगत सांगितली आहे.

असा हक्क मागताना गावाला आपली पारंपरिक सीमा सांगावी लागते. ती सांगतात नाला, टेकडी, देवाची जागा, जुनं झाड अशा खुणांनी. या खुणा गावाला कुठून ठाऊक असतात? पिढ्यान्‌पिढ्या मोहासाठी, बांबूसाठी, गुरांमागे चालून. म्हणजे इथे चालण्यातून जागेचं जे वर्णन तयार झालं, त्याच्या आधारावर गाव आपला हक्क मांडू शकलं. गावं एकत्र शिवारफेरी करतात, शेतं आणि नाले पायी फिरून पाहतात, तेव्हाही हेच घडत असतं: सगळे मिळून जागेची आठवण ताजी करतात. लिहिणाऱ्यानं हे लक्षात ठेवावं. आपल्याला जी वाट लेखाचा विषय वाटते, ती कुणाच्या तरी पोटापाण्याची आणि हक्काची वाट असते. ज्यानं शब्द दिला त्याचं नाव लिहावं की नको, हे त्यालाच विचारावं.

चौकट: लिहिण्यासाठी चालायचं तर

• एकच वाट निवडा, एक किलोमीटरची. ती पहाटे, दुपारी आणि दिवेलागणीला चाला. जमलं तर रोवण्यात, कापणीत आणि मोहाच्या दिवसांत पुन्हा चाला.

• फोन खिशात बंद ठेवा. फोटो काढला की डोळे आपलं काम झालं असं समजतात.

• लहान वहीत फक्त नामं आणि क्रियापदं टिपा. ‘सुंदर’, ‘रम्य’, ‘घनदाट’ हे शब्द वहीत नकोत.

• वाटेत पाच ठिकाणी थांबा. प्रत्येक ठिकाणी एक वास, एक आवाज आणि हाताला लागलेली एक गोष्ट लिहा.

• निदान एका माणसाला एका गोष्टीचं नाव विचारा. त्यानं सांगितलं तसंच लिहा.

• परतल्यावर तासाभरात, वाटेच्या क्रमानं, न थांबता लिहून काढा. कापाकापी दुसऱ्या दिवशी, बसून.

• एकट्यानं रानात जाऊ नका. गावाला सांगून, जाणत्या माणसाबरोबर जा. या भागात वाघ, बिबट्या आणि अस्वल आहेत. मोहाच्या दिवसांत पहाटे अस्वलही फुलं खायला येतं. 2021 मध्ये छत्तीसगडकडून रानहत्तीही गडचिरोली जिल्ह्यात आले.

• पडलेला मोह वेचू नका. ठरावीक झाडं ठरावीक घरांची मानली जातात.

नाव बदलून पाहा

लिहून झालं की एक कसोटी लावता येते. परिच्छेदातलं ‘धानोरा’ हे नाव खोडा आणि तिथे ‘गुहागर’ लिहा. परिच्छेद तरीही बरोबर वाटला, तर त्यात धानोरा आलेलाच नाही. ‘निसर्गाच्या कुशीत वसलेले’ हे वाक्य या कसोटीत लगेच पडतं, कारण ते महाराष्ट्रातल्या हजारो गावांना सारखंच बसतं. ‘फूल हरवू नये म्हणून मोहाखालची जमीन जाळून काळी केली होती’ हे वाक्य समुद्राकाठी बसत नाही. त्याला नाव नसलं तरी ते कुठल्या मुलखातलं आहे ते कळतं.

शिक्षकांना एवढीच विनंती करावीशी वाटते. पुढच्या वेळी ‘माझे गाव’ हा विषय देताना फळ्यावर मुद्दे लिहू नका. मुलांना रांगेनं बाहेर काढा आणि शाळेपासून बोडीच्या पाळीपर्यंत चालवत न्या. वाटेत कुणीतरी मुंगसाचं बीळ दाखवेल, कुणी नाल्याची खोली सांगेल. परत आल्यावर त्यांना म्हणा, आत्ता जे एकमेकांना सांगत होता, तेच लिहा.